बिनशिदोरीचं फूल

“पाय उचल! उचललास ना, आता तो खाली ठेवू नको!”

चिखलबाईंच्या या ओरडण्यानं सुरतेच्या बमरोलीतले निम्मे कापडाचे लूम थांबले, असं मी अजूनही सांगतो. उरलेले निम्मे आधीच बंद होते. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा आणि उचललेल्या चपलेखाली वीतभर उंचीचं कसलंसं गवत. बाई तिथंच गुडघ्यांवर बसल्या. म्हणाल्या, “गवत नाही रे भो, ऑर्किड आहे. ते वाचलं म्हणून तूही वाचलास.”

चिखलबाई हे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव. बाई मूळच्या अमळनेरकडच्या. उधन्याच्या मराठी शाळेत आम्हांला विज्ञान शिकवत. थंडी पडली की रविवारी सगळा वर्ग घेऊन कालव्याकडेच्या पाणथळीत उतरत. पाझरत्या पाण्यानं ती जमीन होळीपर्यंत ओली राही. त्या ओलीत ते उगवे. तांबूस, अरुंद पानं, शेंड्याला तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं आणि प्रत्येकाला पिवळा ओठ. लग्नाच्या स्टेजवरची जांभळी ऑर्किडं पाहिलेल्यांना वाटे, बाई थट्टा करताहेत.

फूल बघायला बाई सरळ पोटावर आडव्या होत. एकदा पाळी सुटलेल्या कामगारांना वाटलं, म्हातारी चक्कर येऊन पडली. दोनशे माणूस जमला. बरं, वीस धरा. एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. भिंगावरचा डोळा न काढता बाई म्हणाल्या, “सरका, ऊन अडतंय. कांदा ठेवून जा, डब्यात भाकरी आहे.”

“ह्याचं बी म्हणजे निव्वळ धूळ,” त्या सांगत. “बरोबर शिदोरीच नाही. चिखलातली बुरशी भरवते, तेव्हा ते रुजतं.” मग माझ्याकडे वळून, “तुझा बाप सुरतेला आला तेव्हा कोणाच्या खोलीवर जेवला?”

“मामाच्या.”

“मग? बुरशी हा ह्याचा मामा.”

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. वडिलांचे मामा दोन दिवाळ्या आमच्याकडे फिरकले नाहीत.

मी नोकरीला लागलो, बाई निवृत्त झाल्या आणि पाणथळीत भरणी सुरू झाली. डंपरमागून डंपर. जागेचा मालक तसा भला माणूस. बाईंना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, “बेन, ए तो घास छे. लई जाओ ने.” गवतच ते, खुशाल न्या म्हणे.

आम्ही घमेली घेऊन गेलो. मी उत्साहानं एका रोपाची मुळं धुवायला निघालो, तोच हातावर फटका बसला. “मामाला कुठं टाकून चाललास?” मग चिखलाच्या ढेकळांसकट रोपं उचलली आणि कोसाडपलीकडच्या कालव्याशी ओल बघून लावली. वाटेत रिक्षात एवढा चिखल सांडला की रिक्षावाल्याला त्यात भाताचं एक पीक काढता आलं असतं.

त्याच उन्हाळ्यात बाईंचे गुडघे गेले. लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना सामानाबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “थंडीत जाऊन बघ. एक जरी आलं, तरी माझं काम झालं. फोन कर.”

थंडीत गेलो. नुसतं गवत. दर रविवारी गेलो. शेवटी मीही पोटावर आडवा झालो, शर्ट चिखलानं माखला आणि ऊन अडतंय म्हणून माझ्यावर खेकसायला कुणीही नव्हतं. एवढ्या मोठ्या सुरतेत हक्कानं ओरडणारं एकच माणूस होतं, ते मला तिथं आडवं पडल्यावर कळलं.

फोन मात्र केला, आणि वाढवून सांगायची जन्मभराची सवय कामी आणली. “बाई, पांढरी चादर अंथरल्यासारखं झालंय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी एका सकाळी उमलली.”

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग बाई म्हणाल्या, “एका सकाळी नाही उमलत ती. खालून एकेक करत वर जातात. पुढच्या थंडीत बघ.”