जुळ्यातला मेंढा

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या घरात तर त्यांना तोटाच नाही. पण मेंढीला जुळं झालंच पाहिजे असा हट्ट धरून पेन्शनीतलं सगळं आयुष्य त्यापायी वेचणारा माणूस आमच्या चुलतसासऱ्यांखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. होटगी स्टेशनावर पार्सलबाबू म्हणून त्यांनी जन्म काढला आणि नोकरी संपताच वळसंगला शेतावर जाऊन राहिले. लोक उतारवयात देवाकडे वळतात, काका मेंढरांकडे वळले. आमच्याकडची मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, हे सगळ्या मुलखाला मान्य होतं. काकांना ते मान्य नव्हतं. "रक्तात असतं ते, जावईबापू," ते मला बजावत, "आणि रक्तात असेल ते वाढवता येतं."

मग जुळ्यांखेरीज त्यांना दुसरा विषय राहिला नाही. माझ्या मेहुण्यासाठी मंगळवेढ्याला मुलगी पाहायला गेलो, तर पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलीच्या आजीलाच विचारलं, "आपल्या माहेरी जुळी किती वेळा झाली?" म्हातारी पदर सावरत आत गेली ती बाहेर आलीच नाही, आणि सोयरीकही तिथंच राहिली. परतताना सगळे तोंडं फुगवून बसलेले, आणि काका मला समजावताहेत, की हा गुण बापाकडूनही येतो, पण बाप काही वीत नाही, म्हणून त्याचा गुण त्याच्या लेकींत शोधावा लागतो.

काकांची मेंढरं शेजारचा धनगर मायाप्पा आपल्या कळपाबरोबर चारायचा. त्याच्याकडची रीत अशी, की दरवर्षी कोकरांतला सगळ्यात थोराड नर कळपासाठी राखायचा आणि बाकीचे बाजारात द्यायचे. एका वर्षी, क्वचित कधी होतं तसं, काकांच्या एका मेंढीला जुळं झालं. त्यातला नर पाहून मायाप्पा म्हणाला, "लई बारका हाय, बाबू. ह्यो काय कामाचा? देऊन टाकू."

काका उसळलेच. "अरे, आईचं सगळं दूध जो एकटा पितो, तो थोराड होणारच! म्हणजे दरवर्षी तुम्ही एकटा जन्मलेलाच निवडून ठेवता आणि जुळ्यातल्याला खाटकाकडे धाडता. मग कळपात जुळी व्हायची कुठून?"

"आमच्या बापजाद्यापास्नं असंच हाय की," मायाप्पा म्हणाला. काकांनी ते पाप्याचं पितर उचललं आणि थेट ओसरीवर आणून बांधलं. त्याला सकाळी दूध, दुपारी भिजवलेली ज्वारी आणि संध्याकाळी काकूंची बोलणी, असा खुराक सुरू झाला. दिवाळसणाला जावयाला धोतरजोडी मिळते. माझ्या तर अंगावर होतं त्या धोतराचाही सोगा त्या मेंढ्यानं चघळून टाकला. मी कुरकुर केली तर काका म्हणाले, "धोतर दुसरं घेता येईल. असा मेंढा कुठून आणू?"

पुढं हा मेंढा वयात आला, काकांच्या मेंढ्यांत फिरला, आणि त्या सगळ्यांना एकेकच कोकरू झालं. सगळं वळसंग पोट धरधरून हसलं.

"फुकट गेलं की, बाबू," मायाप्पा म्हणाला. "एक बी जोड न्हाय."

"त्याचं काम अजून सुरूच झालेलं नाही," काका म्हणाले. "त्याच्या लेकी वयात येऊ देत."

लेकी वयात आल्या तोवर काकांच्या दम्यानं जोर धरला होता. मेंढरांचा वाडा दिसेल अशी खाट त्यांनी ओसरीच्या कडेला ओढून घेतली. लेकींच्या पहिल्या वेतालाही एकेकच कोकरू झालं. मला वाटलं, आता म्हातारा खचणार. "पहिलटकरणींचं काय धरता?" ते धापा टाकत म्हणाले. "दुसरं वेत पाहू." ते वेत पाहायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण त्यांचा तेवढा एक हट्ट चालला नाही.

ते गेल्यावर काकूंनी मेंढरं मायाप्पाच्या हवाली केली. सुगी आटोपल्यावर मी वळसंगला गेलो, तेव्हा सोलापूरचा व्यापारी वाड्याशी उभा होता. त्या मेंढ्याच्या दोन लेकींना जुळं झालं होतं. मायाप्पानं एक गुबगुबीत, एकटं जन्मलेलं कोकरू उचलून व्यापाऱ्याच्या हातात दिलं आणि जुळ्यातलं एक काटकुळं बाजूला ओढून घेतलं. व्यापारी हसला.

"हे कशाला ठेवलंस रे?" मी विचारलं.

"जोडीतला हाय न्हवं. ह्येच्या पोरी बगायच्यात."

"त्याला किती वर्षं लागतील!"

"लागू देत की. बाबू न्हाय व्हय थांबलं?"

काकांनी हे ऐकायला हवं होतं, असं वाटलं. तेवढ्यात ते काटकुळं कोकरू माझ्याजवळ आलं आणि धोतराचा सोगा चघळू लागलं. मी तो सोडवून घेतला नाही.