सॅकमध्ये राहिलेली डबी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी आधीच कबूल करून टाकते. तीस वर्षं अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात साठ पोरं, आवाज चढवल्याशिवाय कुणाची मान वर होत नाही. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बाया भजनी मंडळात गेल्या, मी जंगलात गेले. महिन्यातल्या एका रविवारी वीसेक माणसं घेऊन बदलापूरच्या मागच्या डोंगरात शिरायचं, झाडं-पाखरं दाखवायची, वाटेतली देवराई दाखवायची आणि शेवटी ठाकर आदिवासींच्या पाड्यावर भाकरी-रानभाजी खाऊन परतायचं. पाड्यावरची एक काकी वाट दाखवायला पुढे असते. मी सगळ्यात मागे, आणि अर्थात आवाज माझा.

"मॅडम, हे रेनफॉरेस्ट आहे का?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. "पावसाळ्यात आहे," मी सांगते. "मे महिन्यात या, नुसत्या काटक्या दाखवते."

माझे दोन नियम. पहिला खाऊचा. पायथ्याशी माकडं बसलेली असतात, ती पिशव्या हिसकावतात, आणि माणसं माकडांपेक्षा वाईट, वेफर्सची पाकिटं झुडपात फेकतात. म्हणून सगळ्यांचं खाणं मी सुरुवातीलाच काढून घेते आणि माझ्या सॅकमध्ये टाकते. ती सॅक उघडायची पाड्यावर. दुसरा नियम जोडीचा. मी दोघादोघांच्या जोड्या लावून देते. ठरलेला टप्पा आला की ओरडते, "जोडी?" ज्याचा जोडीदार दिसत नाही त्याने बोंब मारायची. कुणी बोंब मारली नाही की सगळे आहेत. शाळेच्या सहलीत पोरांना असंच सांभाळलं, एक पोर कधी हरवलं नाही. याचा मला केवढा अभिमान होता, विचारू नका.

त्या रविवारी मी ताईला घेऊन गेले होते. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालण्यापर्यंत सगळं तिने केलं. आता ती अंबरनाथलाच बुवापाड्यात मुलाकडे असते, साखरेचा त्रास, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. ती नको नको म्हणत होती. मीच मागे लागले. "चल गं, घरात बसून गंजशील."

पायथ्याशी मी सॅक उघडून उभी राहिले. एकेक जण खाऊ टाकत गेला. ताईची पाळी आली तेव्हा तिने पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली आणि हातातच धरून ठेवली.

"अगं, एवढी राहू दे माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "शेंगदाण्याचे लाडू आहेत दोन-तीन. सकाळचं इंजेक्शन झालंय ना."

"पोहे खाल्लेस ना निघताना?"

"खाल्ले, पण..."

"मग पण काय? दीड-दोन तासांत पाडा येतो. तुला एकटीला सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील? नियम म्हणजे नियम, ताई!"

हे सगळं मी बावीस माणसांसमोर, वर्गातल्या आवाजात म्हटलं. ताईने डबी सॅकमध्ये टाकली आणि पदर सारखा करत बाजूला झाली. तिचा चेहरा मी बघितला होता. बघून न बघितल्यासारखं केलं, हे जास्त खरं.

तिची जोडी लावली ती उल्हासनगरच्या शेठबरोबर. त्यांचं तिकडे पडद्याच्या कापडाचं दुकान. आता दुकान मुलं बघतात आणि शेठ दर महिन्याला माझ्याबरोबर एकटेच येतात. सिंधी माणूस, गप्पिष्ट, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात. "दीदी, आप टेन्शन मत लो, मी आहे ना," असं म्हणून त्यांनी ताईची पाण्याची बाटलीही स्वतःकडे घेतली.

दहाच्या सुमाराला देवराईत पोचलो. बाहेर लख्ख उजेड असला तरी आत अंधारल्यासारखं होतं. जुनी आंब्याची, बेहड्याची झाडं, त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या वेली. मधोमध शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले. माझं भाषण ठरलेलं. "इथलं पानसुद्धा उचलायचं नाही. फळ नाही, काडी नाही, काही नाही. हे सगळं देवाचं. हात लावलेला मला अजिबात चालणार नाही." काकी बाजूला उभी राहून ऐकत होती. ती कधीच मध्ये बोलत नसे. मला वाटे, माझं तिला पटतंय.

तेवढ्यात वरच्या बाजूला धनेश पक्षी ओरडला. एक नाही, जोडी! माझी सगळी शिस्त तिथे संपली. "चला, चला, आवाज करू नका!" असं मीच ओरडत पुढे धावले. सगळे बूट हातात घेऊन माझ्यामागे. मागे राहायची माझी जागा मी सोडली, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. धनेश दिसले, पिवळ्या चोचीनिशी अगदी व्यवस्थित दिसले. मग पावसाची सर आली, सगळ्यांनी रेनकोट चढवले, डोक्यावर टोप्या ओढल्या. ओढ्यावर पोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं.

"जोडी?" मी ओरडले.

कुणी बोंब मारली नाही. आम्ही ओढा ओलांडला.

पुढचा पाऊण तास ताई मला दिसली नाही, हे खरं. रेनकोटात सगळे सारखेच दिसत होते, आणि मनात म्हटलं, रुसली असेल माझ्यावर, मुद्दाम पुढे पुढे चालत असेल. रुसू दे, दुपारी जेवताना बोलेल.

पाड्यावर पोचलो. अंगणात चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या, भारंगीच्या भाजीचा वास येत होता. मी ओसरीवर सॅक उघडली आणि एकेकाचा खाऊ हातात देत गेले. चिवडा तुमचा, चिक्की तुमची, खाकरा तुमचा. हात तळाशी गेला आणि स्टीलच्या डबीला लागला.

"ताई, ही घे तुझी डबी."

कुणीच पुढे आलं नाही.

"ताई?"

मी अंगण बघितलं, मागची पडवी बघितली, विहिरीपाशी गेले. शेठही नव्हते. मी ओसरीवर परत आले आणि सगळ्यांवर ओरडले.

"माणसं कमी आहेत आणि एकालाही कळू नये? डोळे काय खिशात घालून चालत होतात?"

अंबरनाथहून आलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही जोडी विचारली. आमची जोडी आमच्याजवळ होती."

तीस वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं ते. एक हरवला तर दुसरा बोंब मारतो. दोघंही मागे राहिले तर बोंब कोण मारणार?

मी घड्याळ बघितलं. साडेअकरा होत आले होते. इंजेक्शन सातला, पोहे त्यानंतर लगेच, वर दोन तासांची चढण. ताईची साखर उतरते तेव्हा काय होतं ते मी एकदा तिच्या घरी पाहिलं होतं. घामाने भिजली होती, मला ओळखत नव्हती. तेव्हा हाताशी साखरेचा डबा होता, सून होती, समोर डॉक्टर होते. इथे फोनला रेंज नाही, आणि तिचं खाणं माझ्या हातात.

"मी येते," काकी म्हणाली. तिने भाकरीचं पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि निघालीसुद्धा. बाकीच्यांना मी पाड्यावरच बसवलं.

ओढ्यावर आलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर डोंगरात चांगलाच पाऊस झाला असणार. घोट्यावरचं पाणी मांडीपर्यंत आलेलं, गढूळ, काटक्या-पाला घेऊन धावतंय. म्हणजे ताई मागे येऊ म्हटली तरी येऊ शकली नसती. मी तशीच पाय टाकणार होते, काकीने मनगट धरून मागे ओढलं.

"घाई करशील तर तूबी जाशील. माझ्या मागं ये. मी पाय उचलला की तू उचल."

आयुष्यात मी कुणाच्या मागे अशी मुकाट्याने चालले नसेन. मध्येच पायाखालचा दगड सरकला, डबी हातातून निसटता निसटता राहिली. मी ती दातांत धरली आणि दोन्ही हातांनी काकीला. पलीकडे पोचताच मी काकीचा हात सोडला. चढणीवर पळत होते, धापा टाकत होते, आणि मनात एकच, की अगं बाई, दोन लाडू! दोन लाडू पर्समध्ये राहिले असते तर कुठलं आभाळ कोसळणार होतं?

देवराईच्या तोंडाशी ताईच्या चपला दिसल्या, निळ्या पट्ट्यांच्या. शेजारी शेठचे बूट. दोन्ही नीट जोडून ठेवलेले. ती आत आहे एवढं कळलं. कशी आहे, ते कळेना.

वाघोबासमोरच्या बेहड्याला टेकून ताई बसली होती. मान एका बाजूला कललेली, ब्लाउज घामाने चिंब, ओठ काहीतरी पुटपुटत होते. शेठ टोपीने तिला वारा घालत होते आणि चक्क रडत होते. मला बघून हातच जोडले त्यांनी.

"मॅडम, दीदीला चक्कर आली, म्हणून बसल्या. मी म्हटलं आवाज देतो, तर म्हणाल्या नको, दोन मिनिटांत उठते. फिर उठ ही नहीं पाई. मी ओढ्यापर्यंत पळालो, ओरडलो, पाणी बघून परत आलो. इनको अकेला कैसे छोड़ता?" मग त्यांनी दगडाकडे बोट दाखवलं. वाघोबासमोर पानावर गुळाचा खडा आणि फोडलेला नारळ होता, पाड्यावरच्या कुणीतरी सकाळीच ठेवलेला. "केव्हापासून सांगतोय, दीदी, गूळ खा लो, भगवान माफ करेगा. तोंडापाशी नेला तर मान फिरवतात. म्हणतात, तिने हात लावू नको सांगितलंय. ती ओरडेल."

मी खाली बसले आणि डबीचं झाकण ओढायला लागले. घट्ट बसलं होतं. हात ओले, झाकण काही केल्या निघेना. काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती वाघोबापाशी गेली, गुळाचा खडा उचलला, दगडावर आपटून फोडला आणि बारीक तुकडा ताईच्या ओठांत सरकवला.

"खा गं बाय. देवानंच ठेवलाय."

ताईने मान फिरवली. डोळे अर्धवट उघडून तिने मला शोधलं. ती माझी परवानगी मागत होती.

"खा ताई," मी म्हटलं. "खा गं. मी काही म्हणत नाही. खा."

तेव्हा कुठे ती चघळायला लागली. एक तुकडा, मग दुसरा. शेठनी पाणी पाजलं. मी तिचा हात धरून बसले होते आणि तो गार हात कधी उबदार होतो याची वाट बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

"देवाचं खाल्लं तर चालतं?" मी काकीला विचारलं.

"हितलं भाईर न्यायचं नाय," ती म्हणाली. "हितं बसून खायाला कोन नाय म्हनतं? आमी सगळी हितंच खातो. उपाशी मानूस दारात बसला आनि देवानं दिलं नाय, तर तो देव कसला?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा?"

थोड्या वेळाने ताईच्या डोळ्यांत ओळख आली. तिने आधी झाडांकडे बघितलं, मग शेठकडे, मग माझ्याकडे. पदराने तोंडाला लागलेला गूळ घाईघाईने पुसला, पोरं चोरून खाताना पकडली की पुसतात तसा.

"चिडू नकोस हं," ती म्हणाली. "चुकून मागे राहिले."

मी तिथे, वाघोबासमोर, मोठ्याने रडले. मला लाज वाटली, राग आला, सगळं एकदम. जिने मला वाढवलं ती बाई मरायला टेकली होती, समोर गूळ होता, आणि तिला मरणापेक्षा माझी भीती जास्त वाटली होती.

ओढ्याचं पाणी उतरेपर्यंत आम्ही चौघं देवराईतच बसलो. शेठनी आपल्या हाताने नारळातलं खोबरं काढून सगळ्यांना दिलं. डबीचं झाकणही त्यांनीच उघडलं, आणि त्यातला एक लाडू ताईने मला दिला. "सकाळपासून काही खाल्लं नसशील तू," म्हणाली.

ताई अजूनही येते. मला वाटलं होतं, पुन्हा जंगलाचं नाव काढणार नाही. पण ती येते, शेठ तिची बाटली धरतात, आणि डबी तिच्याच पर्समध्ये असते. देवराईत आता काकी बोलते, मी मागे उभी राहून ऐकते. जोडी विचारायचं मी सोडलं. एकेक माणूस मोजते, बोट लावून, ताईपासून सुरुवात करून. तिच्याजवळ आले की माझा आवाज आपोआप खाली येतो.

"अगं, मोठ्याने मोज की," ती म्हणते. "मागच्यांना ऐकू येत नाहीये."