प्रभुभोजनाचा महिना कुणाचा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी रेणापूरला वडील म्हणायचे, "हिच्या नाकावर राग आन् डोळ्यात पाणी, दोन्ही संगंच राहतात." लग्न होऊन नांदेडला आले, शाळेत शिकवायला लागले, दोन लेकरं झाली, तरी दोन्ही भाडेकरूंनी जागा काही सोडली नाही.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान आहे. कुणाच्या घरी काल कुठली भाजी झाली हेही सगळ्यांना ठाऊक असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, असतं आणि त्याची भाकर नि रस आम्ही हातानंच करतो. बेखमीर भाकर म्हणजे कणकेची पातळ, बिनमिठाची पोळी. ती तव्यावर कडक भाजायची आणि तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. रस काळ्या मनुकांचा. मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. सासूबाईंनी जाण्याआधी हे काम त्यांच्या लेकीला आणि मला, दोघींना मिळून दिलं होतं. लेक म्हणजे माझी मोठी नणंद. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो.

मंडळीतल्या कुठल्याही कामापेक्षा मला हे काम आवडायचं. अक्का भाकर भाजायच्या, मी रस गाळायची. गाणी म्हणायचो, आणि मधूनमधून अख्ख्या मंडळीची थोडी निंदाही करायचो. देवानं ती मनावर घेतली नसावी.

मग नाताळचं प्रीतिभोजन आलं. नावच प्रीतिभोजन, म्हणून भांडणही तिथंच झालं. त्या वर्षी येसर आमटी माझ्याकडे होती. येसर मसाला माहेरून आणलेला, आईनं स्वतः भाजून कुटलेला. आमटीला असा रंग आला होता की बायका पातेल्याभोवतीच घुटमळत होत्या. तेवढ्यात अक्का आल्या, पळीनं थोडी आमटी हातावर घेऊन चाटली, "लई तिखट झालंय, लेकरं कशी खातील?" म्हणाल्या, आणि मला न विचारता दोन तांबे पाणी ओतलं. चांगले काठोकाठ भरलेले दोन तांबे.

पुढचे चार महिने मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. नवऱ्याला सांगितली, आईला फोनवर सांगितली, शाळेतल्या बायकांना सांगितली. सगळे माझ्या बाजूनं झाले. गोष्ट मात्र मी दर वेळी त्या दोन तांब्यांपाशीच संपवायची. त्यापुढे मी काय बोलले ते कुणालाच सांगितलं नाही. मी म्हणाले होते, "तुमच्या घरी जेवायला माणूस न्हाई, म्हणून मंडळीच्या पातेल्यात हात घालता का, अक्का?"

अक्कांचे यजमान तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. मुलगा पुण्याला नोकरीला, रविवारी फोन करतो. अक्कांनी तांबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि न जेवता घरी गेल्या.

तेव्हापासून बोलणं बंद. प्रभुभोजनाचं काम मात्र दोघींपैकी एकीलाही सोडवेना. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नीनं, मध्ये पडून वाटणी केली, एक महिना माझा, एक महिना अक्कांचा. भाकर-रस जिच्या तिच्या घरी करायचा आणि उपासनेआधी टेबलावर झाकून ठेवायचा. दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत म्हणतात, त्यातली गत.

खरी अडचण वेगळीच होती. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब दर वेळी थांबतात आणि म्हणतात, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मग पुढे यावं. मग आम्ही एकमेकांना शांती देतो. हात मिळवायचे, हसायचं. मी जिच्याशी रोज बोलते त्याच शेजारणीचा हात मोठ्या प्रेमानं हलवायची आणि अक्कांच्या बाकाकडे पाठ करायची. न घेता बसून राहावं, तर संध्याकाळपर्यंत मुदखेडच्या नातेवाइकांनासुद्धा कळलं असतं. म्हणून मी पुढे जायची आणि घ्यायची. घशाखाली भाकर उतरताना, रोज वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणणारी बाई, म्हणजे मीच, मला आठवायची. देवाला काय आवडतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लोक काय म्हणतील याची भीती देवाच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती. याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी अक्कांवर आणखी चिडायची.

मे महिन्यातला पहिला रविवार आमच्या घरासाठी फार मोठा होता. माझी मुलगी दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याचा, अभ्यास करून पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. पांढरा ड्रेस, केसांत मोगरा, पुढच्या बाकावर आणखी चार मुलांबरोबर ताठ बसलेली. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा मोजकंच घेतलं होतं. माझी छाती अभिमानानं भरून आली होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि टेबलावरचं पांढरं कापड उचललं. ताट घासून लख्ख. पेले ओळीनं उपडे. आत ना भाकर, ना रस.

पाळकसाहेबांनी कापड उलटंसुद्धा करून पाहिलं. मग चष्म्यावरून विचारलं, "हा महिना कुणाचा?"

मी अक्कांकडे बोट केलं. त्याच क्षणी अक्कांनी माझ्याकडे केलं. अख्ख्या मंडळीनं ती दोन बोटं बघितली.

झालं असं होतं, की एप्रिलचा पहिला रविवार अक्कांनी केला. त्याच महिन्यात गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचं, पवित्र गुरुवारचं प्रभुभोजन आलं, तेव्हा अक्का मुदखेडला गेल्या होत्या म्हणून मी केलं. म्हणजे आता पुन्हा अक्का, हा माझा हिशोब. गुरुवार वेगळा, मे महिना वहिनीचाच, हा त्यांचा. एक फोन केला असता तर भागलं असतं. तो एकीनंही केला नव्हता.

मुलीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिच्या डोळ्यांत फक्त एवढंच होतं, आज होणार नाही का गं आई? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंडळी थांबेल," पाळकसाहेब म्हणाले. "आम्ही गायनं म्हणतो. दोघी माझ्या घरी जा आन् करून आणा. दोघींनी मिळून. एकटी घेऊन आली तर मी हात लावणार न्हाई."

पाळकसाहेबांचं घर देवळाला, म्हणजे चर्चला, लागूनच. पाळकीणबाईंनी स्वतःच्या खोकल्यासाठी आणलेल्या काळ्या मनुका काढून दिल्या, कणकेचा डबा दाखवला आणि शहाण्या बाईसारख्या निघून गेल्या. अक्का कणीक मळायला लागल्या, मी मनुका उकळायला ठेवल्या. मे महिना, दोन शेगड्या पेटलेल्या, पंखा बंद, कारण गॅस विझतो. दोघींच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. भिजवायला वेळ नव्हता, म्हणून मी गरम मनुकाच हातानं कुस्करायला गेले आणि ओरडले. अक्कांनी माझं मनगट धरून नळाखाली नेलं.

"काय बघून राहिलीस? धर पाण्याखाली."

त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती. ती माझ्या मनगटाला चिकटली आणि माझा बांध फुटला.

"अक्का, नाताळात मी जे बोलले..."

"ठाऊक हाय मला," अक्का म्हणाल्या. "ताट वाढून घेतलं की रोज ऐकू येतंय."

चार महिने मी पाण्याचे तांबे मोजत होते, आणि ही बाई रोज दोन वेळा माझं ते वाक्य ऐकत एकटी जेवत होती. मी म्हणाले, "चुकलं माझं. लई वाईट बोलले मी. माफ करा."

अक्कांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "केलं माफ. आधी ती भाकर उलथ, करपून राहिली." मी उलथली. त्या पुढे म्हणाल्या, "आन् तुझी आमटी तिखट नव्हती गं. सगळ्या बाया तुझ्या हाताचं गुणगान करत व्हत्या. आईच्या माघारी तो मान माझा व्हता. मला सोसवलं न्हाई."

मी रडता रडता हसायला लागले. अक्काही हसल्या. तेवढ्यात देवळातून गाण्याचा आवाज वाढला. म्हणण्याजोगी सगळी गाणी संपली असावीत, कारण मंडळीनं भर मे महिन्यात नाताळची गाणी सुरू केली होती, ढोलकीसकट. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. हसत हसत रस गाळला, माठाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार केला, भाकरीचे वेडेवाकडे तुकडे केले.

आम्ही ताट घेऊन आत शिरलो तेव्हा गाणं थांबलं नाही, उलट चढलं. पाळकसाहेबांनी ताट दोघींच्या हातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. पहिल्या रांगेत मुलं गुडघे टेकून बसली होती. मुलीच्या एका बाजूला मी टेकले. दुसऱ्या बाजूला जागा होती, तिथं मी अक्कांना हातानं ओढून बसवलं.

भाकर अजून कोमट होती. मुलीनं डोळे मिटून ती तोंडात ठेवली. मग माझ्या तळहातावर तुकडा आला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. अक्कांनी पोरीच्या पाठीमागून कोपर मारलं, "रडू नको, लेकरू घाबरंल."

लग्नाआधीपासून मी प्रभुभोजन घेत आले आहे. तरी त्या रविवारी घरी परतताना मुलीनं विचारलं, "आई, तुझं पहिलं प्रभुभोजन कधी झालं होतं?" तेव्हा मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, "आजच, बाळा. तुझ्यासोबत."