बार्बाडोसला जाण्याआधी एक फोन करा

आमच्या घरची सगळी सुट्टी नागपूरला जायची. आई हॉस्पिटलमध्ये नर्स, बाबा कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. दोघांची रजा जमली की लंडनमधल्या हॅरोहून हीथ्रो आणि तिथून नागपूर. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, नाहीतर घराची डागडुजी. बीच हॉलिडे ही शेजाऱ्यांनी करायची गोष्ट होती. त्यामुळे बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी, विहारातली वंदना आटोपून परतताना आई गाडीत म्हणाली, "मिनू, मला बार्बाडोसला जायचंय," तेव्हा मी जवळजवळ सिग्नल तोडला.

"व्हर्नाकडे?"

"मग आणखी कुणाकडे?"

व्हर्ना ही आईची इंग्लंडमधली पहिली मैत्रीण. दोघी एकाच सुमारास ट्रेनिंगला आल्या, एक नागपूरहून, एक बार्बाडोसहून, आणि नर्सेस होममध्ये एका खोलीत राहिल्या. थंडीत दोन स्वेटर कसे घालायचे, सिस्टर ओरडली तर चेहरा कसा ठेवायचा, हे आईला व्हर्नाने शिकवलं. रिटायर झाल्यावर ती बेटावर परत गेली, गावात घर बांधलं. दर न्यू इयरला फोन करायची आणि म्हणायची, "शीला, कधी येतेस? तुला मी हाताला धरून समुद्रात नेणार आहे." आई नागपूरची, पाण्याला घाबरणारी. ती हसून म्हणायची, "नेक्स्ट इयर." आधी माझ्या परीक्षा, मग भावाचं लग्न, मग बाबांचं डायलिसिस. नेक्स्ट इयर पुढे सरकत राहिलं.

या जानेवारीत तिचा फोन आला नाही, म्हणून आईने लावला. लँडलाइन नुसती वाजत राहिली. "तिकडे लाइन सारखी बिघडते," आई म्हणाली. मी म्हटलं, कुणाकडून तरी निरोप पाठवू. तर नाही. "कळलं की ती स्वयंपाकाला लागेल. दमते आता. आपण एकदम दारात उभं राहायचं."

मलाही ती कल्पना आवडली. नवऱ्याने घर आणि कुत्रा सांभाळायचं कबूल केलं आणि मी बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, व्हर्नाच्या गावाजवळ, एक छोटं बीच हाउस बुक केलं. तुम्हीही बघत असाल तर शाळांची हाफ टर्मची सुट्टी टाळा, त्या आठवड्यात विमानाचं भाडं वेडं होतं. पश्चिमेकडचं घर घ्या, तिथलं पाणी बहुतेक दिवस शांत असतं. पूर्व किनारा बघायला जावा असा आहे, पोहायला नाही.

गॅटविकहून थेट विमान आहे. दुपारी उतरलो आणि दारातून बाहेर पडताच आईने कोट, कार्डिगन, मफलर असं एकेक करून माझ्या हातात दिलं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण रस्ते अरुंद, कडेला उसाची शेतं आणि वळणावर समोरचं काही दिसत नाही. आम्ही टॅक्सीच केली. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं विचारून घ्या.

घर दोन खोल्यांचं, पुढे लाकडी व्हरांडा, आणि व्हरांड्यापुढे वाळू. केअरटेकर मार्शा नावाची बाई होती. तिने किल्ली देण्याआधी आम्हाला एका झाडापाशी नेलं. खोडावर लाल पट्टा रंगवलेला.

"याच्याखाली बसू नका. फळाला हात लावू नका. पाऊस आला तर याच्या आडोशाला तर अजिबात उभं राहू नका. पानावरून गळणाऱ्या पाण्यानेही अंग भाजतं."

हे मँचिनील. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसतं, फळ अगदी छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना झाड दाखवून ठेवा.

आणखी काही गोष्टी. तिकडचे प्लग अमेरिकन पद्धतीचे आणि वीजही कमी दाबाची. आईने हॅरोहून नेलेली किटली इतकी हळू तापायची की चहाची इच्छा मरून जावी. नळाचं पाणी बिनधास्त प्या. मिलिटरी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे सामान्य माणसांना ते घालायला कायद्याने बंदी आहे. सुपरमार्केट महाग, कारण बरंच काही बोटीने येतं. मासे आणि भाज्या गावातल्या बाजारात सकाळी घ्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य टपकन बुडतो, तेव्हा डासांचा स्प्रे हाताशी हवा.

पहिले दोन दिवस समुद्र तळ्यासारखा होता. मी पोहून आले, आईला म्हटलं, चल ना, गुडघ्यापर्यंत तर ये. ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती.

"व्हर्नाबरोबर जाईन. इतकी वर्षं सांगतेय बिचारी."

मीही आग्रह केला नाही. पाणी काय, उद्याही तिथेच असणार होतं.

तिसऱ्या दिवशी आईने निळी कॉटनची साडी नेसली आणि आम्ही व्हर्नाच्या गावाची बस धरली. बसथांब्यांवर दोनच प्रकारच्या पाट्या असतात, 'शहराकडे' आणि 'शहराबाहेर'. आपण बरोबर बाजूला उभे आहोत ना, एवढं बघायचं. सुटे पैसे जवळ ठेवा. छोट्या व्हॅनही मिळतात, पण त्यात गाणी इतक्या जोरात लावतात की आईच्या वयाच्या माणसांनी मोठी बस घ्यावी. चढताना "गुड मॉर्निंग" म्हणायचं असतं. आईने म्हटलं आणि अख्ख्या बसने उत्तर दिलं. ती इतकी खूश झाली की उतरेपर्यंत हसत होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. पिवळं, टेकडीच्या उतारावर, कडेवर बाळ घेतलेली एक तरुणी दारात. आई पुढे झाली.

"व्हर्ना आहे?"

"मिस व्हर्ना? नाही, ती इंग्लंडला गेली. पडली होती, कंबरेचं हाड मोडलं. मुलगा येऊन घेऊन गेला. आम्ही भाड्याने राहतो."

"इंग्लंडला कुठे?"

तरुणीने आत वळून नवऱ्याला विचारलं. आतून आवाज आला, "लूटन!"

हॅरोहून लूटन म्हणजे गाडीने पाऊण तास. आई आधी हसली, खरंच मोठ्याने हसली. मग पायरीवर बसली आणि साडीचा पदर हातात गोळा करून बघत राहिली. तरुणीने तिला पाणी आणून दिलं. "मॅम, तुम्ही फार लांबून आलात?" तिने विचारलं. आईने ग्लास तोंडाला लावला. मीच मान हलवली.

व्हर्नाच्या मुलाचा नंबर त्या तरुणीकडे होता. व्हरांड्यात परत येऊन आम्ही फोन लावला. मुलाने तो व्हर्नाला दिला. पलीकडे आधी हसू, मग खोकला.

"शीला! तू माझ्या दारात आणि मी तुझ्या देशात! अगं, एक फोन तरी करायचा!"

"तू तरी कळवायचं होतंस."

"काय कळवू? तुझा नवरा गेला, तू आधीच दु:खात. त्यात माझी कंबर कुठे?"

दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी व्हर्ना म्हणाली, "आता माझ्या वाटचंही तूच समुद्रात जाऊन ये." आईने कबूल केलं, उद्या सकाळी जाते.

सकाळी उत्तरेकडून मोठ्या लाटा आलेल्या. किनाऱ्यावर लाल बावटा. मार्शा म्हणाली, हिवाळ्यात असं होतं, दोन दिवस, कधी चार. आमचे उरलेले सगळे दिवस बावटा लालच राहिला. म्हणून सांगते, पाणी शांत असेल त्याच दिवशी उतरा.

त्या दिवसांत आम्ही काय काय केलं, तेही लिहायला हवं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात भाजलेला मासा आणि मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, खाल्ली. लवकर जा, नंतर बसायला जागा मिळत नाही. पूर्व किनाऱ्यावरचे मोठमोठे खडक पाहिले. सगळं छान होतं. आई प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणाली आणि लगेच तिने घड्याळ बघितलं. निघायच्या सकाळी ती वाळूवर गेली, लाट ओसरून फेस राहतो तिथे चपला काढून उभी राहिली. घोट्यापर्यंत पाणी आलं. ती मागे सरकली नाही, पण पुढेही गेली नाही.

परतल्यानंतरच्या रविवारी लूटनला गेलो. व्हर्ना मुलाच्या घरात, खिडकीजवळच्या उंच खुर्चीत, हीटिंग फुल आणि तरी अंगावर ब्लँकेट. मी फोटोतली धिप्पाड, मोठ्या हसूची बाई शोधत होते. आई मात्र थेट जाऊन तिच्या गालाला गाल लावून उभी राहिली.

"गेलीस पाण्यात?" व्हर्नाचा पहिला प्रश्न.

"पाय भिजवले."

"पाय तर नळाखालीही भिजतात, शीला."

आई हसली नाही. "समुद्र दोन दिवस शांत होता," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी थांबले."

व्हर्नाने तिचा हात धरला. "मीही थांबले होते," ती म्हणाली. "फार दिवस थांबले." मग घराबद्दल विचारलं. आईने खरं ते सांगितलं, की पिवळा रंग छान आहे, बाळ गोड आहे. व्हर्ना म्हणाली, डॉक्टर आता विमानात बसू देणार नाहीत, घर विकायचं चाललंय. तिचा मुलगा चहा घेऊन आला तेव्हा दोघी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर कार पार्क होता.

आता आई दर गुरुवारी लूटनला जाते. मला जमलं नाही तर ट्रेनने. कधी मटण नेते, कधी नुसती जाते. तिकडे टीव्हीसमोर बसून दोघी कुठल्या तरी क्विझवर भांडतात. व्हर्नाची सून सांगते, गुरुवारी ती सकाळपासून तयार असते. आमच्या घरापासून इतक्या जवळ, आणि आम्हाला पत्ताच नव्हता, हे मला अजून टोचतं. पण त्याहून जास्त टोचतात ती आधीची वर्षं, जेव्हा ती तिथे होती, चालती फिरती होती आणि बोलावत होती.

परवा मी बीच हाउसचं पान पुन्हा उघडून बसले होते. म्हटलं, मेमध्ये लाटा नसतात म्हणे, यंदा परत जाऊ या का? आई लूटनला न्यायच्या डब्याचं झाकण लावत होती.

"कशाला?" ती म्हणाली. "तिथे आता कोण आहे?"