हॅलोभाऊंची आष्टी

हॅलोभाऊ फोनवर कधी बसून बोलले नाहीत. बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात ते रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे आमच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास, लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ते मला आष्टीला फोन लावायचे. बुटांचा खटखट आवाज आधी यायचा, मग चार वेळा ‘हॅलो, हॅलो’. तिकडच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव त्यावरूनच पडलं होतं, आणि ते मला इकडे कळल्यावर इकडेही तेच रूढ झालं.

मी आष्टीहून एक साप्ताहिक काढतो. चार पानांचं. ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या मोबाइलवर पोचलं नाही, तर शनिवारी सकाळी माझी खैर नसे. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की मराठवाड्यातली वीसेक कुटुंबं चहाला थांबत आणि हॅलोभाऊ त्यांना अंक मोठ्यानं वाचून दाखवत. कुठल्या गावाला टँकर आला, कुठल्या शाळेचा पत्रा उडाला, सगळं. वाचून झालं की मला फोन. “छापलंस ते वाचलं. आता वगळलंस काय, ते सांग.” मी म्हणायचो, भाऊ, काही वगळलं नाही. ते म्हणायचे, “मग तुजा आवाज असा कावून येतोय बे?”

पंचवीस वर्षं परदेशात काढूनही त्यांची बोली बदलली नव्हती. नागरिकत्व मात्र तिकडचं घेतलं होतं, आणि तो विषय निघाला की ते घाईनं दुसरं काहीतरी बोलू लागत. आष्टीपासून दोन कोसांवरच्या वस्तीवर त्यांची आई, भागामाय, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक गाय सांभाळून एकटी राहायची. बहीण सुशीला लिंबागणेशला दिलेली. “तिकडं माजं सगळं हाय,” ते म्हणायचे, “इथं नुसता पगार हाय.”

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं, तेव्हाची गोष्ट. साखर कारखान्यानं चारा छावणी उघडली. सहकारी कारखाना, म्हणजे सभासदांचाच. आजूबाजूच्या गावांची जनावरं तिथे आली, पण भागामायच्या वस्तीची जनावरं दारातून परत पाठवली. जागा नाही म्हणाले. मी जाऊन पाहिलं, तर निम्म्या दावणी मोकळ्या होत्या. कारखान्याच्या निवडणुकीत या वस्तीनं दुसऱ्या पॅनेलला मतं दिली होती, एवढंच कारण. परत पाठवलेल्यांची नावं आणि मोकळ्या दावणीचा फोटो मी पहिल्या पानावर छापला.

चौथ्या दिवशी माझ्यावर गुन्हा दाखल झाला. वस्ती बौद्धांची, म्हणून कलम लावलं ते दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं. आमच्या छापखान्याचे मालक सावकाश बोलणारे, भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “पुढचा अंक दुसरीकडं बघा. मला फोन आलाय. कुनाचा ते विचारू नका.”

हॅलोभाऊंना हे कळल्यावर त्यांचं चालणं पळण्यासारखं झालं. दिवसातून तीनदा फोन. त्यांनी विहारात बैठक घेतली, लोकांना समजावलं, माझ्यावरचा गुन्हा मागे घ्या असं सरकारला एक पत्र लिहिलं आणि त्यावर चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. काही जण कचरले होते. कुणाचा भाऊ इकडे नोकरीत, कुणाचा मुलगा इकडे शिकायला. भाऊंनी कुणाला आग्रह केला नाही, पण स्वतःचं नाव सगळ्यांत वर घातलं. मग थंडीत भारतीय वकिलातीपुढे उभं राहून ते पत्र वाचून दाखवलं. त्याची चित्रफीत आष्टीतल्या मोबाइलांवर फिरू लागली.

आणि मला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. परदेशातल्या लोकांशी तुमचा काय संबंध, ते कोण, तुम्हाला काय पाठवतात? दोन दिवस तेच प्रश्न. बायको दारात उभी राहून वाट बघायची. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी भाऊंना वाट्टेल तसं बोललो. “तुमी तिकडं फलक धरून उभं राहता आणि पोलिसांची गाडी माज्या दारात येते. तुमाला घरी जाऊन झोपायचं असतं. मला इथं राहायचंय.”

बुटांचा आवाज थांबला. मग ते हळूच म्हणाले, “खरं हाय.” फोन बंद झाला.

पंधरा दिवस काही नाही. सहा वाजले की मी उगाच मोबाइल हातात घ्यायचो आणि ठेवायचो. सोळाव्या दिवशी आष्टीच्या बसस्थानकावर जाड कोट हातावर टाकून एक घामाघूम माणूस उतरला. समोर आल्यावर मला म्हणाला, “आता बोल. आता गाडी आली तर दोघांच्या दारात येईल.”

तो आठवडा मी विसरणार नाही. ते सकाळी वस्तीवर, दुपारी माझ्याकडे, संध्याकाळी पुन्हा वस्तीवर. छापखाना नव्हता, म्हणून आम्ही अंक झेरॉक्सवर काढला आणि आठवडी बाजारात भाऊंनी स्वतः तो वाटला. काहींनी घेऊन घडी घालून खिशात टाकला, काहींनी हात मागे घेतले. एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, “तुजं काय अडलंय रे इथं?” भाऊ पुढच्या दुकानाकडे निघाले. नंतर मला म्हणाले, “माजं काई अडलं न्हाई बे. अडलं न्हाई म्हनूनच झोप येत न्हाई.”

त्याच आठवड्यात कारखान्याची वार्षिक सभा होती. भाऊंनी एक भाषण लिहिलं होतं, पण सभासद ते नव्हते. वडिलांच्या पश्चात शेअर भागामायच्या नावावर झाला होता. गेटवर त्यांना अडवलं. मग त्यांनी भाषणाचे कागद आईच्या हातात दिले. ती म्हणाली, “मला कुटं वाचता येतंय? राहू दे. मी बोलते मला यील तसं.”

मी पत्रकार म्हणून आत होतो. मंडपात एकेक विषय वाचला जात होता आणि पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होत होता. भागामाय हात वर करून उभी राहिली. एक कार्यकर्ता लगबगीनं तिच्याकडे आला. “माय, जेवन तिकडं हाय, मागल्या बाजूला.”

“जेवाया न्हाई आले,” ती म्हणाली. “सभासद हाय मी.”

माइक तिला कुणी दिला नाही. ती तशीच बोलली. “आमच्या वस्तीच्या जनावरांला छावणीत जागा कावून न्हाई? मत दुसऱ्याला दिलं म्हनून? मत मी दिलं. माज्या गाईनं न्हाई दिलं.”

मंडप हसला. मग हळूहळू हसू विरलं, कारण ती हसत नव्हती आणि तिचा हात अजून वरच होता. शेवटी अध्यक्षांना म्हणावं लागलं, “नोंद घ्या.” तिसऱ्या दिवशी छावणीतून निरोप आला, जागा झाली आहे. वस्तीची दोन जनावरं तोवर दगावली होती. बाकीची आत गेली.

भाऊ परत गेले. माझ्या कोर्टातल्या तारखा चालू राहिल्या, अंकही चालू राहिला. नव्या छापखान्यासाठी मला जिल्ह्याबाहेर जावं लागे. दीड वर्षानं भागामाय आजारी पडली. आधीच्या व्हिसाची मुदत संपली होती, म्हणून भाऊंनी येण्याच्या नव्या परवान्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, विचाराधीन आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. एका परिचितानं त्यांना सुचवलं, त्या पत्रावरून तुमचं नाव मागे घेतो असं लिहून द्या, लगेच काम होईल. मला ते कळलं तेव्हा मीही विनवलं. भाऊ, द्या लिहून. आई पुन्हा भेटणार नाही.

पलीकडे बुटांची खटखट चालूच होती. “सगळ्यात वर माजं नाव हाय,” ते म्हणाले. “मी काढलं तर खालच्या एकोनचाळीस जणांनी काय करायचं?”

भागामाय गेली. सुशीलानं अंत्यविधीचं सगळं केलं. मी मोबाइल धरून उभा होतो आणि त्यातून भाऊ बघत होते. माझा हात भरून आला, पण तो खाली घ्यावासा वाटला नाही.

परवाना आलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात, इस्पितळातून घरी जाताना हृदयविकारानं ते तिथेच गेले. अस्थी घेऊन विहारातले दोघं आले. त्या दोघांच्याही सह्या त्याच पत्रावर होत्या. विमानतळावर पासपोर्ट पुढे करताना भीती वाटत होती, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. शिक्का मारला आणि सोडलं.

वस्तीवर, ओसरीत, सुशीला हे ऐकत होती. तिनं अस्थींचा कलश मांडीवर घेतला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “यांला येऊ दिलं. मग दादालाच कावून आडवलं?”

त्या शुक्रवारी अग्रलेखाच्या जागी मी तिचा प्रश्न छापला, तिनं विचारला तसाच, तिच्याच शब्दांत. खाली नाव घालू का, असं विचारायला मी लिंबागणेशला गेलो होतो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “पूर्ण घाला. गावासकट.”