मैनाबाई मोठ्याने बोलतात

देवाशी कसं बोलावं हे मी चाळीस वर्षं लोकांना शिकवलं. आमच्या भिवंडीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत महिला मंडळाची सेक्रेटरी मी, शाळेत मराठीची शिक्षिका मी, तेव्हा प्रार्थनेत कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी हवं, हा माझा हट्ट. सरोजिनीबाईंची प्रार्थना म्हणजे जरीकाठी, असं लोक म्हणायचे आणि मी वरवर 'छे छे' करत आतून फुलायचे. पण आज सांगायचंय ते मैनाबाईंबद्दल. त्यांनी देवाला आयुष्यात कधी 'हे' म्हणून हाक मारली नाही. त्यांची हाक 'अरे'.

मैनाबाई अंबाडीच्या पलीकडच्या एका गावातल्या. वडील मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकी, त्यामुळे येशूचं नाव आणि फोडणीचा वास त्यांच्या आयुष्यात बरोबरच आले. लग्न होऊन भिवंडीत आल्या आणि धामणकर नाक्यामागच्या एका लूमच्या कारखान्यात कांडी भरायच्या कामाला लागल्या. लूमच्या धोट्यात सुताची जी छोटी गुंडाळी बसते ती कांडी. ती मशीनवर भरत राहायची आणि कारागिरांना पुरवत राहायची, दिवसभर. एका पत्र्याच्या छपराखाली चोवीस लूम. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि जो त्या आवाजात उभा आहे त्याला सांगायला गेलात तर ऐकू येणार नाही.

बाकीच्या बायका खाणाखुणांवर निभावून न्यायच्या. मैनाबाईंना गप्प बसणं जन्मात जमलं नाही. "बाई, पैल्या आठवड्यात न बोलून बोलून माझं तोंड दुखलं," असं त्या मला सांगतात. मग त्यांनी विचार केला, या गोंगाटात आपलं ऐकणारं कोण आहे? एकच जण. त्या दिवसापासून बावीस वर्षं, रोज शिफ्टभर, मैनाबाई देवाशी मोठ्याने बोलत राहिल्या. काकडी कडू निघाली, पोटरीत गोळा आला, खाडीच्या कडेला बगळे आज ओळीत बसले होते, सुनेने कुकरची शिट्टी हरवली आणि माझ्यावर ढकलली. भांडायच्यासुद्धा. अबोला धरायच्या, दुपारच्या चहापर्यंत.

"आणि तो काय म्हणायचा?" मी एकदा विचारलं.

"तो ऐकायचा. आमच्या घरात दुसरं कोण ऐकतं?"

एका दुपारी कारखान्यात लाईट गेली. चोवीसच्या चोवीस लूम एकदम थांबले. सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत मैनाबाईंचा आवाज तेवढा चालू राहिला. "अरे, त्या सावळाराम मुकादमाच्या बायकोला बरं कर ना एकदाचं! डोळे बघ त्याचे, झोप न्हाय बिचाऱ्याला. म्हणून तर आमच्यावर वरडतो गाढवासारखा!"

अख्खा कारखाना ऐकत होता. मुकादमही. मैनाबाईंच्या हातातली कांडी खाली पडली आणि घरंगळत थेट त्याच्या पायाशी गेली. बायकोच्या आजाराबद्दल त्याने कुणालाही अक्षर सांगितलं नव्हतं. मैनाबाईंनी ते ताडलं होतं, कारण महिनाभर त्याचा डबा आला नव्हता, रोज वडापाव चालला होता. मुकादमाने कांडी उचलली, मैनाबाईंच्या पाटीत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "गाढव सोडून बाकीचं परत एकदा सांग त्याला."

तेव्हापासून मैनाबाईंकडे निरोप यायला लागले. आझमगडचा एक कारागीर म्हणाला, "मौसी, अपने दोस्त को बोलना, ईद का टिकट वेटिंग में है, कन्फर्म करा दे." मैनाबाईंनी सांगितलं.

"मग झालं कन्फर्म?" मी खवचटपणे विचारलं.

"आरएसी झालं. बसून गेला बिचारा, पण गेला." दोन महिन्यांनी मुकादमाची बायको स्वतःच्या पायांनी डबा घेऊन कारखान्यात आली. मैनाबाई म्हणजे कोण, ते तिला बघायचं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते त्यांचं व्याकरण. महिला रविवारी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना मैनाबाईंना दिली होती. त्या उभ्या राहिल्या आणि लूमवरच्या आवाजात सुरू झाल्या. "अरे, ऐक ना! सगळ्या आल्यात बघ आज. ही आक्का पुढं बसलीय, गुडघ्याला पट्टा बांधून आलीय तुझ्यासाठी, आता तूच बघ तिच्याकडं." पोरं फिदीफिदी हसली. पाळकसाहेबांना खोकला आला. आक्का मात्र हात जोडून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते, पण तिकडे बघण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं. "मैनाबाई, तुम्ही देवाशी बोलताय. भाजीवाल्याशी नाही."

एवढ्यावर थांबले असते तर मी सरोजिनी कसली? पुढच्या वेळेसाठी त्यांना वळणदार अक्षरात कागद लिहून दिला. 'हे सर्वसमर्थ, कृपाळू व अनुग्रहपूर्ण पित्या' इथपासून. मैनाबाईंनी तो अक्षरन् अक्षर वाचला, 'अनुग्रहपूर्ण'ला दोनदा अडखळल्या, पण वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चपला घालताना त्या मला म्हणाल्या, "बाई, आज त्यानं मला वळखलंच न्हाय." मी ते हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

गेल्या वर्षी तो कारखाना बंद पडला. लूम भंगारात गेले. मैनाबाईंची सून करिष्मा एका मोठ्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. तिने सासूलाही तिथेच पाकिटांवर लेबलं चिकटवायला लावून घेतलं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, पायाखाली पांढरी स्वच्छ फरशी. आणि शांतता. चिकटपट्टी ओढल्याचा कर्र आवाज तेवढा. पहिल्याच दिवशी मैनाबाई सवयीने बोलायला लागल्या, तशी तिथली सुपरवायझर, दिशा मॅडम, धावत आली.

"मावशी, ड्युटीवर फोन अलाऊड नाही. ब्लूटूथ काढा."

"कसला तूथ?"

तिने मैनाबाईंचा पदर बाजूला करून दोन्ही कान तपासले. कान रिकामे. "मग बोलताय कुणाशी?" मैनाबाईंनी खरं काय ते सांगितलं. दिशा मॅडमने करिष्माला बाजूला घेतलं आणि सासूबाईंना डॉक्टरला दाखव म्हणाली. करिष्मा पोर चांगली आहे, पण तिची मान खाली गेली. घरी येऊन म्हणाली, "आई, माझी नोकरी आहे हो तिथे." मैनाबाई गप्प झाल्या.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. चहा दिला तर कपाला हात लावला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"बाई, मला मनातल्या मनात बोलायचं शिकवा. तुम्ही मास्तरीण. मला येतच न्हाय. तोंड मिटलं की आत नुसता काळोख. तीन आठवडे झाले, त्याचा-माझा एक शब्द न्हाय. घरात बोलायला जावं तर चार माणसं एका खोलीत." आणि मग लहान मुलीसारखं विचारलं, "तो रागावला नसंल ना? त्याला वाटंल, लूम गेला आणि ही विसरली."

बावीस वर्षांचा सोबती गमावल्यासारखी ती बाई रडली. मी काय केलं? शिकवायला बसले! डोळे मिटा, मन एकाग्र करा, वाक्य मनात तयार करा. पहिल्या दिवशी मैनाबाई दोन मिनिटांत घोरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी चिडल्या. "वाक्य तयार करून मैत्रिणीशी बोलतं का कोण?" आणि मग, अगदी सहज, "बाई, तुम्ही काय बोलता हो त्याच्याशी? उपासना संपली, लोक घरी गेले, मग काय बोलता?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. चाळीस वर्षांत मी देवाशी एकही साधं वाक्य बोलले नव्हते. जे बोलले ते सगळं लोकांना ऐकू जाईल असंच होतं. मला इतका राग आला स्वतःचा, की मी उठून चपला घातल्या.

"चला, धामणकर नाक्यावर."

"काय आणायचंय?"

"काही नाही. तुम्हाला गोंगाट हवाय ना?"

सकाळचे साडेदहा. नाक्यावर टेम्पो, ट्रक, बाईकी, शेअर रिक्षावाल्यांचा 'अंजूरफाटा, अंजूरफाटा' असा घोष, वर प्रत्येकाचा हॉर्न. आम्ही रिक्षांच्या रांगेच्या कडेला उभ्या राहिलो. मैनाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि ओरडल्या, "अरे, हायस का रे?"

आणि सुटल्या. तीन आठवड्यांचं साठलेलं. दहा मिनिटं मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी रडवेल्या, मग तक्रारी, मग हातवारे, मग चक्क हसायला लागल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हाय, बाई! तिथंच हाय! मलाच म्हणतो, कुठं गेली व्हतीस?" मला इतका आनंद झाला की मी रस्त्यात त्यांना मिठी मारली.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मी? इथे?"

"कोण ऐकतंय?"

खरंच कोणी ऐकत नव्हतं. मी घसा साफ केला. "हे सर्वसमर्थ, कृपाळू..." मैनाबाईंनी दंडाला चिमटा काढला. सणसणीत.

माझी आई गेल्या वर्षी गेली. अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मी एकटीने केलं. दफनाच्या वेळी मी केलेल्या प्रार्थनेची लोक अजून आठवण काढतात. त्या प्रार्थनेत जे नव्हतं ते त्या चिमट्याने बाहेर आलं. मी जीव खाऊन ओरडले, "अरे, आई गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं! ऐकतोस ना? रडले मागाहून. आधी सुटल्यासारखं वाटलं!"

नेमका तेव्हाच वळणावर एक कंटेनर अडकला. हवालदाराने चारही बाजू थांबवल्या, रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली, आणि माझं शेवटचं वाक्य सगळ्या नाक्याने ऐकलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. जवळच्या रिक्षातला पिकल्या दाढीचा ड्रायव्हर वाकून म्हणाला, "सुन लिया होगा, माँजी. हमने तो सुन लिया."

मैनाबाईंनी माझा हात धरला. त्या शांततेत, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "बघ रे, किती दिवस एकटी घेऊन फिरत व्हती. आता सांभाळ तिला."

आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बया! बाई, मी हळू बोलले की!"

"बोललात."

"आणि गेलं की त्याला! गेलं! वरडायची गरज लूममुळं व्हती, बाई, त्याला कुठं कमी ऐकू येतं?" त्या कपाळावर हात मारून हसत सुटल्या आणि मी रडता रडता हसायला लागले. कंटेनर सुटला, हॉर्न सुरू झाले, तरी आमचं चाललंच होतं. अकरा वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. आम्ही तिथेच दोन ग्लास उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो.

आता मैनाबाई गोडाऊनमध्ये पुटपुटतात. ओठ हलतात न हलतात. दिशा मॅडमला आधी वाटलं, लेबलं मोजतायत. परवा ती स्वतःच जवळ येऊन उगाच पाकिटं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मावशी, ते तुमचे... त्यांना सांगाल का? माझ्या भावाची भरतीची परीक्षा आहे."

"नाव काय भावाचं?" मैनाबाईंनी विचारलं.

गेल्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. कागद तयार होता, दोनदा तपासलेला. वेदीपुढे उभी राहिले, पहिली ओळ बघितली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. चाळीस वर्षांची जरीकाठी सेक्रेटरी सगळ्या मंडळीसमोर उभी आणि तोंडातून आलं, "ऐक ना रे."

पाळकसाहेबांना खोकला आला. आणि दुसऱ्या बाकावरून, हळूच, पण सगळ्यांना जाईल अशा बेताने, मैनाबाई म्हणाल्या, "बाई, भाजीवाल्याशी न्हाय."

आधी आक्का हसली, मग सगळे. मीही हसले, वेदीपुढे, प्रार्थनेच्या मधोमध. "बघितलंस?" मी देवाला म्हटलं, "ही अशी आहे." आणि पुढे जी प्रार्थना झाली तिच्यातलं एकही वाक्य व्याकरणात बसलं नाही.