सावंतांच्या दारातली बादली

दोन-तीन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर एका रविवारी आमच्या गिरगावच्या वाडीत चाळकऱ्यांची मीटिंग होती. विषय एकच, पुनर्विकास. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त तळमजल्यावरचे सावंत अडून बसले होते.

सावंत म्हणजे भांडकुदळ माणूस. कोणाच्या कुंड्या, कोणाचा टीव्ही, कोणाच्या चपला... सगळ्यांशी वाद. त्यामुळे समितीतल्या नीलेशने सुचवलं, "त्यांचं पाणी बंद करा, आपोआप सही करतील," तेव्हा लोक हसले. आणि मग एकेक हात वर व्हायला लागला. माझ्या बाबांचाही.

परबकाकू आमच्या समितीच्या सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेल्या. खोलीत जागा पुरत नाही म्हणून त्यांचा मुलगा बायकोला घेऊन पार विरारला राहायला गेलाय. नव्या घराची घाई त्यांच्याइतकी कोणालाच नसेल. शिवाय सावंतांशी त्यांचं बोलणं कैक वर्षं बंद...

काकू म्हणाल्या, "हात खाली घ्या. हे मी मतदानाला घेणारच नाही."

"का पण? मेजॉरिटी आहे ना काकू? लोकशाही आहे," नीलेश म्हणाला.

"बिल्डिंग बांधायची की नाही ते मेजॉरिटी ठरवेल. कोणाला पाणी द्यायचं ते नाही. देशात संविधान आहे ना? मग आपली वाडी काय देशाबाहेर आहे? सावंत अडवतायत तर कोर्टात जाऊ. मी येते पुढे."

"मग आम्ही दुसरा सेक्रेटरी निवडू."

"निवडा की. तो तुमचा हक्क आहे."

आणि खरंच निवडला... नीलेशलाच. काकूंनी पंपरूमची चावी त्याच्या हातात दिली आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतांच्या नळाला पाणी नाही. मी ऑफिसला निघाले होते, तर काकू दुसऱ्या मजल्यावरून भरलेली बादली घेऊन उतरत होत्या. जिन्यात टेकवत, परत उचलत. सावंतांच्या दारात ठेवली आणि कडी वाजवली.

सावंतांनी दार उघडलं. बादलीकडे बघितलं.

"माझी सही मिळणार नाही हां."

"मागितली कोणी? रिकामी करून द्या, मला परत भरायचीय."

दुसऱ्या खेपेला बादली मी धरली. ऑफिसला उशीर झालाच...

बाबा गॅलरीतून हे सगळं बघत होते. संध्याकाळी ते नीलेशकडे गेले आणि म्हणाले, "कालचा माझा हात मी मागे घेतलाय." त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं गेले. नीलेश चरफडला, पण दिवेलागणीला सावंतांच्या पाण्याचा कॉक उघडला.

सावंतांनी कोणाचे आभार मानले नाहीत. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तिथे सावंतांच्या विरोधात प्रत्येक तारखेला न चुकता हजर राहणाऱ्या परबकाकूच होत्या. निकाल आमच्या बाजूने लागला. दोघांचं बोलणं अजूनही बंदच आहे.

पाणी देणाऱ्या काकू आणि कोर्टात विरोधात उभ्या राहणाऱ्या काकू एकच, हे समजायला मला जरा वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र यात काही वेगळं केलं असं वाटलंच नसावं...